पाय आधी, जमीन नंतर

पाठीला कणा असलेले प्राणी पाण्यातून जमिनीवर कसे आले, या प्रश्नाकडे दोन बाजूंनी पाहता येतं. सापडलेल्या हाडांवर भिस्त ठेवणारे म्हणतात, शरीर कसं बदलत गेलं ते हाडंच सांगतील. न सापडलेल्याची आठवण ठेवणारे म्हणतात, कोट्यवधी वर्षांतली जी थोडकी हाडं हाती लागली त्यांची ओळ लावून तिला इतिहास म्हणू नका. २०१० साली पोलंडमधल्या एका दगडखाणीतल्या पाऊलखुणा प्रसिद्ध झाल्या आणि हा मतभेद अधिक धारदार झाला. तोच इथे मामा आणि भाचीच्या संवादातून मांडला आहे. मुक्ता महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. मामांचं आयुष्य मोडी दप्तरं वाचण्यात गेलं. काळाचा अंदाज यावा म्हणून एवढंच सांगतो : सह्याद्रीचा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे, आणि या संवादातली सर्वांत जुनी खूण त्याच्या सुमारे सहापट जुनी आहे.

मामा : तुझ्या विद्यार्थ्यांच्या पुस्तकातलं ते चित्र पाहिलं. डावीकडे मासा, मग चपटा मासा, मग पाय फुटलेला मासा, उजवीकडे जमिनीवर चढणारा प्राणी. सगळे एका रांगेत, एकाच दिशेला तोंड करून. हे असंच घडलं, हे कशावरून?

मुक्ता : ती रांग मलाही पटत नाही. त्यातले प्राणी मात्र खरे आहेत. कॅनडातल्या क्विबेक प्रांतात मिग्वाशाचे कडे आहेत. तिथला युस्थेनॉप्टेरॉन घ्या, सुमारे अडतीस कोटी वर्षांपूर्वीचा मासा. त्याच्या छातीजवळच्या परात खांद्याला जोडलेलं एक हाड आहे आणि त्याच्यापुढे दोन. तुमच्या दंडात एक हाड, कोपरापासून मनगटापर्यंत दोन, तीच मांडणी. दुसऱ्या टोकाला पूर्व ग्रीनलंडचे अकँथोस्टेगा आणि इक्थिओस्टेगा. हे सुमारे साडेछत्तीस कोटी वर्षांपूर्वीचे आणि चांगली बोटं असलेले. या दोन टोकांमधल्या अवस्थेचा पुरावा तोकडा होता. नील शुबिन, टेड डेश्लर आणि फॅरिश जेन्किन्स यांनी विचार केला, की मधल्या अवस्थेतला प्राणी मधल्या काळाच्या खडकात असणार, आणि तोही नद्यांच्या गाळापासून बनलेल्या खडकात. तसे खडक कुठे उघडे पडले आहेत ते त्यांनी भूशास्त्राच्या नकाशांवर पाहिलं. १९९९पासून कॅनडाच्या आर्क्टिक भागात मोहिमा काढल्या आणि २००४ साली एलिसमेअर बेटावर त्यांना टिक्टालिक मिळाला, साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचा. अंगावर खवले, परांना काड्या, म्हणजे मासाच. पण डोकं चपटं, डोळे माथ्यावर, खांद्यापासून सुटी झालेली मान, भक्कम बरगड्या आणि परात मनगटासारखा वाकणारा सांधा.

मामा : कुठे पाहायचं ते आधी ठरवून शोधायला निघणं, याचं मोल मी जाणतो. पण आता पोलंडचं सांग.

मुक्ता : दक्षिण-मध्य पोलंडमध्ये झाहेऊम्येची खाण आहे. तिथल्या पाऊलखुणांवरचा लेख ग्झेगोश न्येजव्येज्की, पेर आलबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१०च्या जानेवारीत ‘नेचर’मध्ये छापला. खडकाचं वय एकोणचाळीस ते साडेएकोणचाळीस कोटी वर्षं. सर्वांत मोठा ठसा २६ सेंटिमीटर रुंद. काही ठशांत बोटांच्या खुणा. काही ठिकाणी ठशांची ओळ अशी, की डावे-उजवे, पुढचे-मागचे पाय आळीपाळीनं पडलेले दिसतात. पोट किंवा शेपूट घासल्याची रेघ नाही, म्हणजे अंगाचा भार पाण्यानं तोललेला असावा.

मामा : म्हणजे बोटं असलेला प्राणी चिखलातून चालून गेला आणि त्यानंतर दीड कोटी वर्षांनी बोटं नसलेला टिक्टालिक जगत होता. मग तो मधला दुवा कसा? आणि तुमच्या भाकिताचं काय? हे रूपांतर अडतीस ते साडेछत्तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दरम्यान झालं असं धरून ती मंडळी निघाली होती. पोलंडचे ठसे खरे असतील तर ते गृहीतकच चुकीचं. चुकीच्या गृहीतकावरून निघून हवी ती वस्तू सापडली, तर भाकीत खरं ठरलं असं मी म्हणणार नाही.

मुक्ता : यातला अर्धा आक्षेप मला मान्य आहे. भाकितात दोन विधानं होती. एक, हा बदल केव्हा झाला. दुसरं, बदलाच्या मधल्या अवस्थेतलं शरीर कसं असेल आणि ते कुठल्या परिसरातल्या गाळात मिळेल. पहिलं विधान डळमळलं. दुसरं टिकलं. मान सुटी झालेली पण पर शाबूत, असा प्राणी मिळाला. उलट घडलं असतं, म्हणजे बोटं पूर्ण तयार आणि मान मात्र माशासारखी कवटी-खांद्यात जखडलेली असा प्राणी निघाला असता, तर आमची मांडणी मोडली असती.

मामा : मग टिक्टालिक आपला पूर्वज नाही, असं स्पष्ट म्हण.

मुक्ता : म्हणतेच. तो आपला पूर्वज आहे असं त्याच्या शोधकांनाही सिद्ध करता येणार नाही, आणि तशी गरजही नाही. अशा शरीराच्या माशांचा एक गट आधीपासून होता. त्यातून एक फांदी बोटांच्या दिशेनं गेली, बाकीच्या तशाच राहून पुढे पुष्कळ काळ जगल्या. टिक्टालिक त्या मागे राहिलेल्या फांद्यांपैकी एक. त्याचा जवळचा नातलग क्विकिक्टानिया २०२२मध्ये जाहीर झाला. त्याच्या दंडाच्या हाडावर स्नायू चिकटायचे उंचवटे जवळपास नाहीत. तो परांवर रेटा देऊन उभा राहत नसावा. पुन्हा मोकळ्या पाण्यात पोहण्याकडे वळलेला दिसतो. तुमचा रांगेवरचा राग इथे अगदी योग्य ठरतो.

मामा : माझ्या कामात हा धडा फार आधी शिकावा लागतो. एखाद्या गावाचं नाव पहिल्यांदा ज्या कागदात येतं, त्या साली ते गाव वसलं असं होत नाही. त्या साली गाव होतं, एवढंच कागद सांगतो. जीवाश्माचंही तेच. सिलाकँथ माशाचे साडेसहा कोटी वर्षांपासून पुढचे जीवाश्मच मिळत नव्हते, म्हणून तो नष्ट झाला असं मानलं होतं. १९३८ साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ तो जाळ्यात सापडला. साडेसहा कोटी वर्षं हाड मिळू न देता एक अख्खा वंश जगू शकतो, तर पायांचे प्राणी हाड मागे न ठेवता दोन कोटी वर्षं का राहू शकणार नाहीत?

मुक्ता : राहू शकतात. म्हणून ‘केव्हा’ या प्रश्नावर मी तुमच्याशी भांडणार नाही. माझा दावा ‘कोणत्या क्रमानं’ याबद्दल आहे. खडकाचं वय आणि शरीरातल्या बदलांचा क्रम, हे दोन वेगळे पुरावे आहेत. वय दोन कोटी वर्षांनी मागे गेलं तरी क्रम तोच राहू शकतो.

मामा : आणि तो क्रम येतो कुठून? तुम्हीच प्राणी त्या क्रमानं मांडता आणि मग म्हणता, बघा, क्रम दिसतो. हे वर्तुळात फिरणं झालं.

मुक्ता : वर्तुळ झालं असतं, जर आम्ही पराकडे पाहून ओळ लावली असती आणि त्याच ओळीवरून पराबद्दल निष्कर्ष काढला असता. नात्याची मांडणी शेकडो लक्षणांवरून होते : कवटीतल्या हाडांच्या जोडण्या, जबडा, दात, खांदा, बरगड्या, कंबर. पर बाजूला ठेवून नुसती कवटी पाहिली तरी युस्थेनॉप्टेरॉन एका टोकाला, टिक्टालिक मध्ये आणि अकँथोस्टेगा दुसऱ्या टोकाला जातो. शिवाय हाडांशी संबंध नसलेला एक साक्षीदार आहे, आजच्या प्राण्यांची जनुकं. फुप्फुसमासे हे चतुष्पादांचे सर्वांत जवळचे जिवंत नातलग आहेत, असा कौल २०१३ साली सिलाकँथच्या जनुकसंचाच्या अभ्यासातूनही मिळाला. २०१६मध्ये शुबिन यांच्या शिकागोतल्या प्रयोगशाळेनं झेब्रामाशावर काम केलं. उंदराच्या पंजातली बोटं घडवायला जी हॉक्स-१३ जनुकं लागतात, तीच माशाच्या पराच्या काड्या घडवायला लागतात असं दिसलं. ही जनुकं निकामी केल्यावर काड्या आखूड झाल्या आणि पराच्या बुडाशी असलेल्या छोट्या हाडांची संख्या वाढली. बोटं कोऱ्या जागेवर उगवली नाहीत. पर घडवणाऱ्या जुन्या यंत्रणेतून ती आली.

मामा : हे वजनदार आहे. म्हणजे काड्या कमी होणं आणि छोटी हाडं वाढणं, हे जीवाश्मातही दिसायला हवं.

मुक्ता : दिसतं. मिग्वाशाच्या कड्यातलाच एल्पिस्टोस्टेगी. १९३८मध्ये त्याचं नाव ठेवलं गेलं ते कवटीच्या एका तुकड्यावरून. अख्खा प्राणी २०१०मध्ये मिळाला, लांबी १.५७ मीटर. रिशार क्लूटिए, जॉन लाँग आणि सहकाऱ्यांनी सीटी स्कॅन करून २०२०मध्ये त्याचं वर्णन छापलं. पराच्या आत, काड्यांनी झाकलेल्या भागात, बोटांच्या पेरांसारख्या छोट्या हाडांच्या ओळी होत्या. बाहेरून पर, आतून हाताची सुरुवात.

मामा : आता मुख्य प्रश्न. ही बोटं कशासाठी? आम्हाला शाळेत शिकवलं होतं, की डबकी आटू लागली, मासे एका डबक्यातून दुसऱ्याकडे सरपटत गेले आणि त्या धडपडीत पाय आले.

मुक्ता : ती मांडणी हार्वर्डच्या आल्फ्रेड रोमर यांची. तिला मोठा धक्का ग्रीनलंडच्या हाडांनी दिला. इक्थिओस्टेगाचं पहिलं वर्णन स्वीडनच्या गुन्नार सेव्ह-सोडरबर्ग यांनी १९३२ साली केलं. ते तरुणपणीच गेले. एरिक यार्विक यांनी काम पुढे नेलं आणि सविस्तर प्रबंध आला १९९६ साली. १९९०च्या आधी सगळ्या चित्रांत या प्राण्याच्या पायाला पाच बोटं असत, कारण मूळ चतुष्पादाला पाचच बोटं असणार असं सगळे धरून चालले होते. अकँथोस्टेगाचं तर थोडंसं कवटीचं हाड ठाऊक होतं. केंब्रिजच्या जेनी क्लॅक यांना त्याची चांगली हाडं कुठून मिळाली, ते तुम्हाला आवडेल. केंब्रिजच्याच भूविज्ञान विभागातला एक विद्यार्थी १९७० साली ग्रीनलंडला गेला होता. त्याच्या टिपणवहीत नोंद होती, की एका डोंगरावर इक्थिओस्टेगाच्या कवटीची हाडं विपुल आहेत. ती वही वाचून क्लॅक १९८७मध्ये तिथे गेल्या. मिळाला तो अकँथोस्टेगा.

मामा : म्हणजे नोंद सतरा वर्षं कपाटात होती. ‘सापडलं नाही’ आणि ‘कुणी पाहिलं नाही’ यांत किती अंतर असतं, ते यात दिसतं.

मुक्ता : त्या हाडांनी शाळेतली गोष्ट बदलून टाकली. १९९०मध्ये मायकेल कोट्स आणि क्लॅक यांनी दाखवलं, की अकँथोस्टेगाच्या पुढच्या पायाला आठ बोटं आहेत. इक्थिओस्टेगाच्या मागच्या पायाला सात निघाली. रशियातल्या ट्युलरपेटनला सहा. पाच हा आकडा सुरुवातीपासूनचा नव्हे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अकँथोस्टेगाला माशासारखे आतले कल्ले होते, शेपटीला रुंद पर होता आणि मनगट अंगाचा भार पेलण्याजोगं नव्हतं. बोटं पूर्ण तयार, आणि प्राणी पाण्यातला. पाय जमिनीवर चालण्याच्या गरजेपोटी आले असते, तर हा प्राणी असा असायलाच नको होता. उथळ, झाडोऱ्यानं भरलेल्या पाण्यात तळाशी रेटा द्यायला, वनस्पतींतून वाट काढायला, हवा घेण्यासाठी डोकं वर उचलून धरायला असे अवयव उपयोगी पडले असावेत. जमिनीचा उपयोग पुढचा.

मामा : थांब. बोटं पाण्यात आली, हे मान्य. पण चालणं बोटांशिवायही होतं. आपल्या कोकणात खाडीच्या चिखलावर निवटी हिंडते. तिला पाय नाहीत, बोटं नाहीत; पुढच्या परांवर अंग उचलून ती झेपावत जाते. मग बोटं आधी आणि चालणं नंतर, हा तुझा क्रम सक्तीचा कसा?

मुक्ता : सक्तीचा नाहीच. निवटी आपल्या वंशातली नाही. ती काड्यांच्या परांच्या माशांतली, आणि तिनं चिखलावर येण्याची वाट स्वतंत्रपणे काढली. पाण्याबाहेर येणं अनेकदा घडलं आहे. २०१४मध्ये कॅनडात पॉलिप्टेरस हे आफ्रिकन मासे आठ महिने जमिनीवर वाढवले गेले. ते इतरांपेक्षा चांगले चालू लागले आणि त्यांच्या खांद्याची हाडंही थोडी बदलली. म्हणजे चालण्याची क्षमता पुष्कळ माशांत दबून असते. मी सांगते तो आपल्या एका वंशाचा क्रम आहे. पण मामा, निवटी तुमच्याही विरुद्ध साक्ष देते. चिखलात चालल्याची खूण उमटवायला पाय लागतातच असं नाही, तर झाहेऊम्येच्या खुणा पायाच्याच कशावरून? स्पेन्सर लुकास यांनी २०१५मध्ये हाच आक्षेप घेतला : त्या खुणा माशांनी तळाशी खाणं शोधताना किंवा घरटी करताना केलेल्या असू शकतात.

मामा : सुटे खड्डे तसे असतील. पण आळीपाळीनं पडलेल्या ठशांची ओळ आणि त्यांतल्या बोटांच्या रेषा यांचा उलगडा घरट्यांनी होत नाही. आयर्लंडच्या व्हॅलेंशिया बेटावरही हाडांच्या काळाच्या मागे जाणारे माग आहेत. एकच खाण असती तर मी गप्प राहिलो असतो.

मुक्ता : तरी एक अडचण राहते. २०१२मध्ये स्टेफनी पियर्स, क्लॅक आणि जॉन हचिन्सन यांनी इक्थिओस्टेगाच्या सांध्यांची संगणकावर मांडणी करून पाहिली. त्याचे मागचे पाय आळीपाळीनं टाकण्याइतके वळतच नव्हते. तो बहुधा तुमच्या निवटीसारखा पुढच्या दोन पायांवर अंग ओढत असे. म्हणजे साडेछत्तीस कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी नीट चालू शकत नाही, आणि त्याच्या अडीच-तीन कोटी वर्षं आधीचा ठसा नीट चालल्याचं सांगतो. हे दोन्ही खरे असतील तर मधे एक संपूर्ण वेगळी फांदी आहे, आणि तिचं एकही हाड आपल्याकडे नाही.

मामा : माझं म्हणणं तेच आहे. जागाही पाहा. २०१०च्या लेखात झाहेऊम्येला भरती-ओहोटीचं खाजण म्हटलं होतं. २०१८च्या अभ्यासात ती जागा ऋतूनुसार भरणाऱ्या डबक्यांची दिसली. शोधणाऱ्यांनी तोवर नद्यांच्या गाळाच्या खडकांवर भर दिला. सुरुवातीचे चालणारे प्राणी दुसऱ्या परिसरात राहत असतील, तर त्यांची हाडं तिथे न मिळणं स्वाभाविक आहे.

मुक्ता : शक्यता मान्य. आणि तुमच्या बाजूनं आणखी एक गोष्ट सांगते. ग्रीनलंडचे हे प्राणी ज्या डेव्होनियन काळातले, तो संपल्यावर सुमारे दीड कोटी वर्षांतले चतुष्पाद जवळपास मिळतच नव्हते. त्या पोकळीला रोमर यांचंच नाव पडलं आहे. स्कॉटलंडमध्ये १९७१ साली मिळालेला एक सांगाडा मासा म्हणून संग्रहालयात पडून होता. क्लॅक यांनी २००२मध्ये तो पेडर्पेस म्हणून ओळखला. त्याचं पाऊल पुढच्या दिशेनं वळलेलं आहे, म्हणजे खरोखर चालण्याजोगं. पोकळी बरीचशी आपल्या नजरेतली होती. आणि २०२५मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातले नख्यांसह ठसे प्रसिद्ध झाले, सुमारे साडेपस्तीस कोटी वर्षांपूर्वीचे. ते सरपटणाऱ्यांच्या आणि सस्तनांच्या सामायिक वंशातल्या प्राण्याचे असतील, तर त्या वंशाचा आरंभ किमान साडेतीन कोटी वर्षांनी मागे जातो.

मामा : पुन्हा ठसे आधी, हाडं नंतर.

मुक्ता : पुन्हा. पण ‘आधी बोटं, मग चालण्याजोगं पाऊल, मग नख्या’ हा क्रम त्यानंही मोडला नाही. वेळापत्रक मागे सरकलं.

मामा : बरं, पुस्तकात एक परिच्छेद लिहायचा झाला तर काय लिहिशील?

मुक्ता : लिहीन, की डेव्होनियन काळात मांसल परांच्या माशांच्या एका वंशात पराच्या आत हाताची हाडं घडत गेली. मान सुटी झाली, पराच्या काड्या गेल्या, बोटं उरली. हे सगळं पाण्यात घडलं. जमिनीवर भार पेलणारं पाऊल त्यानंतर आलं. आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या हातात त्या पराची मांडणी आजही आहे. हे वाक्य मला प्रत्येक विद्यार्थ्यापर्यंत पोहोचवायचं आहे, कारण आपण निसर्गाच्या बाहेरचे नाही हे इतक्या थेटपणे दुसरं काही सांगत नाही.

मामा : त्यात माझ्या दोन दुरुस्त्या घे. जिथे जिथे वर्षं लिहिशील तिथे ‘निदान इतक्या आधी’ असं लिही. आणि चित्रात रांगेऐवजी फांद्या काढ. पाऊलखुणांना त्यांची वेगळी जागा दे आणि तिथे ‘हाडं अजून मिळालेली नाहीत’ असं नोंदव.

मुक्ता : दोन्ही घेते. माझ्याकडून एक ओळ जास्त. एकोणचाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात बोटांची हाडं मिळाली, तर मी सगळी वर्षं मागे नेईन आणि क्रम तसाच ठेवीन. पण त्या प्राण्याला बोटं असून मान मात्र माशासारखी जखडलेली निघाली, किंवा त्याचं पाऊल पक्कं जमिनीवरचं आणि पराचा एकही जुना अवशेष नाही असं दिसलं, तर क्रमसुद्धा नव्यानं मांडावा लागेल.

मामा : ही ओळ पुस्तकात सर्वांत वर छाप. तुझा क्रम मला पटला, याचं निम्मं कारण हाडं आहेत. उरलेलं निम्मं हे, की तो कशानं मोडेल ते तू आधीच सांगून ठेवलंस.